आधी रंगाचं घर विचार

पोरी, गालिच्यावर सरबत सांडलं की चोळायला धावू नकोस. चोळलं की बशीएवढा डाग ताटाएवढा होतो आणि रंग धाग्याच्या मुळाशी जाऊन बसतो. आजोबांचं जुनं पांढरं धोतर फाडून ठेवलंय ना, त्याची घडी डागावर ठेव आणि वरून तळहाताने दाब. रंग चढला की घडी उलट. काठाकडून मधे सरकायचं, मधून काठाकडे नाही. रंगीत फडकं घेऊ नकोस, त्याचाच रंग उतरला तर एकाचे दोन डाग.

दाबता दाबता विचार, सांडलं ते काय? आपल्या डहाणू-तलासरीकडे या रंगांची दोन घरं. एक झाडाचं : कोकम, जांभूळ. दुसरं बाटलीचं : महालक्ष्मीच्या जत्रेतला लाल गोळा, गुलाबाचं सरबत, पारशांच्या लग्नातली रासबेरी. दोघांचा स्वभाव उलटा, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला लावायचं नाही.

ओळखायचं कसं? रंग लागलेल्या त्याच फडक्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाक. झाडाचा रंग निळा-हिरवट पडतो, बाटलीचा लालच राहतो. काळा खट्टा मात्र फसवतो. त्यात जांभूळ किती आणि बाटली किती, ते गोळेवालाच जाणे.

झाडाच्या रंगाला आंबट द्यावं. एक वाटी पांढरं व्हिनेगर, दोन वाट्या गार पाणी. घरात नसेल तर लिंबाचा रस गाळून घे. फडकं भिजवून दाबायचं, पाच मिनिटं थांबायचं, परत कोरड्याने टिपायचं. सोडा आणि साबणाची वडी इथे आधी नको. सोड्याने जांभळाचा डाग करडा दिसायला लागतो आणि बाई घाबरून आणखी सोडा ओतते.

बाटलीचा रंग लोकरीवर पडला असेल तर आंबटाचं नावही काढू नकोस. लोकर रंगवतात तीच मुळी आंबट आणि उष्णता देऊन, आणि सरबतातले हे लाल रंग लोकर रंगवायच्या रंगांच्याच जातीचे. लिंबू पिळून वर गरम पाणी ओतलंस तर डाग काढायच्या नावाखाली तू गालिचा रंगवत असतेस. गार पाण्यानेच टिपत राहा. मग वाटीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, तेही गारच. इथल्या चिकूच्या वाड्यांतल्या इराणी घरांत कुठे जुना लोकरीचा गालिचा असेल, त्यावर यापुढे हात चालवू नये, धुणाऱ्या जाणत्याला द्यावा.

लोकर आहे की नाही, ते मागच्या बाजूचा एक धागा ओढून, बाहेर मोरीवर नेऊन जाळून बघ. केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून मणी झाला तर प्लास्टिकचा धागा, कागदासारखा जळला तर सूत किंवा ताग. तागाला पाणी फार देऊ नकोस, त्याचा स्वतःचाच पिवळा-तपकिरी रंग वर येतो.

फिक्या सुती किंवा प्लास्टिकच्या गालिच्यावर तरीही छटा राहिली तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये बहुतेक 6 टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून 3 टक्के कर. आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात लावून बघ. व्हिनेगर मारलं असेल तर ते धुऊन काढल्याशिवाय हे लावायचं नाही. आणि ब्लीचिंग पावडर गालिच्याजवळ आणायचीच नाही; लोकर खाते, व्हिनेगरशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो.

शेवटी साध्या पाण्याने दोनदा टिपायला विसरू नकोस. रंग गेला तरी साखर मागे राहते, तिथे धूळ चिकटून आठवड्यात काळा डाग येतो. मुंग्या त्याआधीच येतात.

वाळवणीचं मात्र आपल्याकडे विचित्र आहे. महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते, तेव्हा ऊन रग्गड. जांभळं उतरतात ती पावसाच्या तोंडावर, तेव्हा ओला गालिचा समुद्राच्या दमट हवेत दोन दिवसांत कुबट होतो. म्हणून पावसाळ्यात पाणी हात राखून, आणि गालिच्याखाली दोन पाट सरकवून रात्रभर पंखा. हळदीच्या दुधाचा डाग असेल तर उलट उन्हाचीच वाट बघ. हळद साबणाने लाल होते, उन्हाने फिकी पडते.