कुर्लीच्या रक्तांतील तांबें व सूक्ष्म तराजू

मालवणच्या खाडींतील कुर्ली आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तिचें रक्त प्राणवायु मिळतांच निळसर होतें, हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें असेल. आपल्या रक्तांत प्राणवायु वाहण्याचें काम लोखंड करितें. तेंच काम कुर्लीच्या रक्तांत तांबें करितें. प्रथिन ही अनेक दुव्यांची सांखळी होय. तींतील हिस्टिडीन नांवाचे तीन दुवे तांब्याच्या एकेका परमाणूस चिमट्याप्रमाणें धरून ठेवितात.

ही पकड डोळ्यांस दिसत नाहीं. मग ती ओळखावी कशी? वजन करून! प्रथिनासारख्याच, परंतु आंखूड सांखळीस पेप्टाइड म्हणतात. ग्लायसीन, हिस्टिडीन व लायसीन या तीन दुव्यांचें एक पेप्टाइड मनुष्याच्या रक्तांत आढळल्याचें १९७३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचा भार हायड्रोजन परमाणूच्या सुमारें ३४० पट आहे.

इतकें सूक्ष्म वजन मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रानें होतें. भात उफणतांना फोल दूर उडतें व दाणा जवळ पडतो. तसेच या यंत्रांत विद्युत् धारण केलेले कण हलके व जड असे वेगळे होतात. १९१९ सालीं ॲस्टन यांनीं अशा यंत्रानें परमाणु तोलले. पुढें नाजूक प्रथिनें न मोडतां, बारीक तुषारांच्या द्वारें यंत्रांत नेण्याची युक्ति फेन यांनीं साधली. तिजबद्दल त्यांस २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां गणित पाहूं. वरील पेप्टाइडास हायड्रोजनचा एक विद्युद्भारित परमाणु चिकटला म्हणजे यंत्र ३४१ दाखवितें. तांबें मिसळल्यावर पेप्टाइडाचा एक हायड्रोजन जातो व तांबें येतें. तांब्याचे परमाणु ६३ व ६५ अशा दोन भारांचे असून त्यांचें प्रमाण सुमारें ७ : ३ असतें. म्हणून ४०२ व ४०४ येथें, त्याच प्रमाणाच्या उंचीच्या, दोन रेषा उमटतात. ही जोडी म्हणजे तांब्याची सहीच होय.

तथापि तुषार सुकतांना धातु उगीचहि चिकटूं शकतो. यास्तव संशोधक हिस्टिडीनच्या जागीं दुसरा दुवा घालून प्रयोग पुन्हां करितात. तरीहि तांबें तितकेंच चिकटलें, तर पकड हिस्टिडीनची, हें अनुमान टिकत नाहीं.

हा केवळ कौतुकाचा विषय नव्हे. विल्सनच्या रोगांत यकृतांत व मेंदूंत तांबें सांचतें. तें घट्ट धरून शरीराबाहेर नेणारें औषध रोग्यास तारितें, आणि अशा पकडीची पारख करण्यास हा तराजू साह्य करितो. नीतिसूत्रांत खऱ्या तराजूची थोरवी सांगितली आहे. विद्यार्थिमित्रांनो, तराजू खरा असला तरी त्याची साक्ष पुन्हां तपासून घेणें, हाच शास्त्राभ्यासाचा पहिला धडा होय.