कुदुसचा मिनार

मध्य जावातल्या कुदुस शहराबद्दल वाचताना मी तिथल्या मशिदीपाशी थबकले. मिनार लाल विटांचा, पण आकार थेट मजापहित काळातल्या हिंदू देवळाचा! मशिदीतला शिलालेख हिजरी ९५६ चा, म्हणजे इ. स. १५४९ चा. शहराचं नाव जेरुसलेमच्या ‘अल्-कुद्स’ या अरबी नावावरून आलेलं.

जावात इस्लाम रुजवणाऱ्या नऊ संतांना ‘वली सोंगो’ म्हणतात. त्यांपैकी सुनान कुदुस यांनी हिंदू शेजाऱ्यांचं मन दुखू नये म्हणून गाय कापू नका असं सांगितलं, अशी तिथली परंपरा आहे. म्हणून आजही तिथं ‘सोतो’ नावाचं सूप म्हशीच्या मांसाचं करतात.

मला यातून एवढंच कळलं : धर्म बदलला, तरी शेजारधर्म सुटत नाही.