सांध्यांनाही वाफसा लागतो

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातल्या वाटूरची. वय ५२. घरची थोडी शेती आहे, बाकी दुसऱ्यांच्या रानात निंदायला, वेचायला जाते. पाच-सहा वर्षांपासून दोन्ही गुडघे आणि कंबर दुखते. आभाळ भरून आलं की ठणका वाढतो. थंडीत पहाटे उठवत नाही. घरचे म्हणतात, वात आहे, हवा बदलली की जाईल. फारच झालं की मेडिकलमधून गोळ्या आणून घेते. हे असंच चालायचं का?

उत्तर : ताई, हे असंच चालवून घ्यायचं नाही. वाटूर फाट्यापासून परतूर-आष्टीपर्यंतच्या काळ्या रानात राबणाऱ्या पुष्कळ बायकांची आणि पुरुषांचीही हीच तक्रार असते. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांमध्ये दर शंभरांतले अठरा जण हाडं, सांधे किंवा स्नायू दुखत असल्याचं सांगत होते. म्हणजे जवळपास प्रत्येक वाड्यात एक तरी दुखणाईत माणूस. तरीही या दुखण्याला ‘आता वय झालं’ म्हणून बाजूला सारलं जातं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट दुखणं म्हणतं आणि त्यावर वेगळे, नेमके उपाय आहेत. तेच आज सविस्तर सांगतो.

हवेचा दोष किती?

आभाळ आलं की दुखतं, हा तुमच्या मनाचा खेळ नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाने जुनाट दुखणं असलेल्या २,६५८ लोकांकडून पंधरा महिने मोबाईलवर रोजच्या दुखण्याची नोंद घेतली आणि ती हवामानाशी ताडून पाहिली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. हवेत दमटपणा जास्त, वारा जोराचा आणि हवेचा दाब कमी, अशा दिवशी दुखणं वाढतं हे त्यांत दिसलं. पण किती वाढतं? साधारण दिवशी शंभरांतल्या पाच जणांचं दुखणं उसळत असेल, तर अगदी वाईट हवेच्या दिवशी सहा जणांचं. अमेरिकेतल्या २०१७ च्या एका अभ्यासात वृद्धांच्या डॉक्टरांकडच्या एक कोटीहून जास्त भेटी तपासल्या गेल्या. पावसाच्या दिवशी सांधेदुखी-पाठदुखीसाठी येणाऱ्यांची संख्या वाढलेली त्यात आढळली नाही.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो, की हवेचा परिणाम आहे, पण तो थोडा आहे. बाहेरचा दाब उतरला की आधीच सुजलेल्या सांध्याभोवतीचा भाग किंचित ताणला जात असावा. गारव्याने स्नायू आखडतात, सांध्यातलं वंगण घट्ट होतं. ज्याच्या नसा वर्षानुवर्षं दुखणं सोसून हळव्या झाल्या आहेत, त्याला एवढा बदलही जाणवतो. पण चार-चार दिवस अंथरूण धरावं लागणं एकट्या हवेने होत नाही. त्यात मोठा वाटा असतो तो त्या दिवसांत शरीराची जी हेळसांड होते तिचा, आणि ती थांबवणं आपल्या हातात आहे.

झड आणि झडीनंतरचा दिवस

झड लागली की रान बंद. माणूस चार-पाच दिवस घरात बसतो, ओलीत झोपतो, झोप नीट लागत नाही. गुडघ्याला आधार देणारा मांडीचा स्नायू तेवढ्या दिवसांतही ढिला पडतो. मग ऊन पडतं. कपाशीत, सोयाबीनमध्ये तण मातलेलं असतं. गुत्त्याने काम घेतलेलं असलं तर टोळीला घाई असते. चार दिवस न हललेली बाई सकाळी सातला उकिडवी बसते ती संध्याकाळीच उठते. रात्री गुडघे सुजतात, कंबर धरते, दोन दिवसांची मजुरी बुडते. मग पुन्हा विश्रांती आणि पुन्हा अतिश्रम. हे चक्रच जुनाट दुखण्याला वर्षानुवर्षं जिवंत ठेवतं.

शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : झड उघडली म्हणून त्याच दिवशी कोणी औत घालत नाही. रानाला वाफसा येऊ देतात. सांध्यांनाही असाच वाफसा द्या. झडीनंतरच्या पहिल्या दिवशी अर्धाच दिवस काम घ्या, दुसऱ्या दिवशी पाऊण दिवस, तिसऱ्या दिवसापासून पूर्ण. मजुरीची अडचण मला कळते. पण पहिल्या दिवसाची अर्धी मजुरी सोडली, तर पुढचे दोन दिवस हातचे जात नाहीत.

कामातही थोडे बदल करा. अर्ध्या तासाने उठून सरीच्या टोकापर्यंत चालून या. एकसारखं उकिडवं बसण्याऐवजी एक गुडघा गोणपाटाच्या घडीवर टेकवा आणि थोड्या थोड्या वेळाने गुडघा बदला. दोन ओळींत जागा असेल तिथे सायकल कोळप्याने उभ्याने तण काढता येतं. कापूस वेचताना कमरेची ओटी भरून लोंबेपर्यंत थांबू नका. अर्धी झाली की रिकामी करा, कारण ते ओझं कमरेचे मणके पुढे ओढतं. घरी भांडी-धुणं बसून करण्याऐवजी ओट्यावर, उभ्याने करता येईल अशी सोय करा. संडासात खुर्ची ठेवायला लाजू नका.

झडीत घरबसल्या करायचं

पाऊस कितीही असो, दिवसातून दोनदा हे तीन व्यायाम करा. पहिला : बाजेवर किंवा खुर्चीवर बसा, एक पाय गुडघ्यातून सरळ करा, मांडी घट्ट करून दहा अंक मोजा, सावकाश खाली घ्या. प्रत्येक पायाने दहा वेळा. दुसरा : उताणं झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती दाबा, पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा. तिसरा कमरेसाठी : उताण्यानेच गुडघे वाकवा, पोट आत ओढून कंबर जमिनीला टेकवा, पाच अंक धरा, सोडा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दोन तासांनंतरही दुखणं वाढलेलंच राहिलं, तर दुसऱ्या दिवशी संख्या निम्मी करा. व्यायाम बंद मात्र करू नका.

ओसरीत, देवळाच्या सभामंडपात, जिथे पाऊस लागत नाही तिथे दहा-पंधरा मिनिटं चाला. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हेही औषधच आहे : एक किलो कमी झालं, की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

थंडी आणि शेक

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी चांगलंच ऊन असतं. अंथरुणातून उठण्याआधी पांघरुणातच घोटे फिरवा, गुडघे दहा वेळा वाकवून सरळ करा, मग उठा. गुडघ्यांवर जुन्या स्वेटरच्या बाहीचा पट्टा घाला. हाताची बोटं आखडत असतील तर कोमट पाण्यात मुठी उघड-मीट करा. जड काम ऊन चढल्यावर काढा.

शेक पंधरा-वीस मिनिटं पुरे. गरम पाण्याची पिशवी किंवा मिठाची पुरचुंडी फडक्यात गुंडाळूनच वापरा. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, म्हणून ऊब किती आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसाने हात लावून पाहावं. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर शेक नको, थंड पाण्याची घडी ठेवा. तेल लावून हलक्या हाताने चोळायला हरकत नाही. पण बिब्ब्याचे चटके देऊ नका. त्याने कातडी जळते, जखम चिघळते, आणि सांध्याला उपयोग काहीच होत नाही. रुईची पानं बांधणार असाल तर तिचा चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या. डोळ्याला गंभीर इजा होते.

मेडिकलच्या गोळ्या

ताई, माझी खरी काळजी इथे आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या गोळ्या मनाने रोज घेतल्या तर पोटात व्रण पडतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. उन्हातान्हात कमी पाणी पिऊन काम करणाऱ्याला आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्याला हा धोका जास्त. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकचं मलम दिवसातून तीन-चार वेळा लावणं हा त्याहून सुरक्षित मार्ग आहे. अगदीच गरज पडली तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा तासांचं अंतर ठेवून. दिवसात चारपेक्षा जास्त गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने एक गोळीसुद्धा विचारूनच घ्यावी.

नाव नसलेल्या पुड्या आणि ‘एका डोसात आराम’ देणारी चूर्णं घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं. पहिले काही दिवस जादू वाटते, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर अचानक बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. दुखलं की सलाईन लावून घेण्यानेही सांधा बरा होत नाही.

पावसाळ्यात तापासोबत सांधे धरले तर नियम वेगळा. तो डेंग्यू असू शकतो, आणि डेंग्यूत वर सांगितलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी किंवा अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो. तपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. चिकुनगुनियाही याच दिवसांतला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. पुढे २००६ मध्ये महाराष्ट्रभर हजारो लोकांचे सांधे त्याने धरले. ताप आठवड्यात जातो, पण सांधेदुखी काहींना महिनोन्‌महिने छळते आणि गारव्यात पुन्हा डोकं वर काढते. म्हणून डास वाढू नयेत यासाठी आठवड्यातून एकदा रांजण, टाक्या, टायर कोरडे करणं हे सांधेदुखीवरचंही काम आहे.

सगळं दुखणं हवेचं नसतं

पुढची लक्षणं असतील तर हवा बदलायची वाट पाहू नका.

सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, बोटांचे आणि मनगटाचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात : हा आमवात असू शकतो. सुरुवातीच्या महिन्यांत उपचार मिळाले तर सांधे वाकडे होणं टाळता येतं. त्यावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

घरातल्या अनेकांची पाठ-मान ताठ होते आणि मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत : पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असण्याची शक्यता आहे. मराठवाडा-विदर्भाच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात ते आढळतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर हळूहळू हाडं धरू शकतात. ग्रामपंचायतीला सांगून पाण्याची तपासणी करून घ्या.

एकच सांधा लाल-गरम आणि सोबत ताप, कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा जांघेत बधिरपणा येणं, पायातली शक्ती जाणं, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं : यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि हे विशेष लक्षात ठेवा, थंडीच्या पहाटे छाती, डावा हात, जबडा किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये दाटून दुखलं, घाम फुटला, तर त्याला वात म्हणून तेल चोळत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.

एरवी सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. गरज पडल्यास तिथून जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवतात.

हवामानाचा अंदाज कामाला लावा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. फवारणीसाठी तुम्ही तो पाहताच. आता गुडघ्यासाठीही पाहा. पाऊस येणार असेल तर जड काम दोन दिवसांत वाटून घ्या, अंथरूण कोरड्या जागी घाला, शेकाची तयारी ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रोज तीन गोष्टी लिहा : दुखणं शून्य ते दहापैकी किती, काम किती तास केलं, झोप कशी लागली. पावसाच्या दिवशी एक टिंब द्या. महिनाभराचं ते पान डॉक्टरांना दाखवा. दुखणं टिंबाच्या मागे लागतं की कामाच्या तासांच्या, हे त्या पानावरून तुम्हालाही दिसेल.

शेवटचं बोलणं ताईंच्या घरच्यांशी. डोळ्यांना दिसत नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ‘हिचं रोजचंच आहे’ हे ऐकून माणूस दुखणं सांगायचं बंद करतो आणि गुपचूप गोळ्या गिळत राहतो. आभाळ भरलेल्या दिवशी पाण्याचे हंडे तुम्ही भरा. झडीनंतरच्या पहिल्या दिवशी तिला अर्ध्या दिवसाने घरी पाठवा. दवाखान्यात एकटीला धाडू नका, सोबत जा आणि डॉक्टर काय सांगतात ते तुम्हीही ऐका. जुनाट दुखण्याच्या उपचारात घरच्यांची ही साथ औषधाइतकीच मोलाची आहे.