पंगतीचे पात्र फुलांच्या सेवेत

वाढपाच्या चाकरीतून जे पात्र एकदा निवृत्त झाले, त्यास शरदातील फुलांच्या खात्यात रुजू करून घेण्याची तजवीज हल्ली पुष्कळ घरांत होऊ लागली आहे, आणि ती प्रथा माझ्या मते स्तुत्यच आहे. परंतु ज्याची घडण तास-दीड तासाच्या पंगतीसाठी झाली, त्याच्यावर आठवडाभर पाणी धरून बसण्याची जबाबदारी टाकताना त्याची पात्रता कोणी तपासत नाही, आणि मग सगळी तक्रार फुलांविषयी होते.

आमच्याकडे एका जुन्या लिलावातून आलेले चिनीमातीचे लांबट सूपपात्र होते. झाकण फुटल्यापासून ते माळ्यावरच पडून होते. नवरात्रात ते खाली काढून त्यात शेवंती आणि झेंडू मांडले, सागवानी मेजाच्या मध्यभागी त्याची स्थापना झाली, दसऱ्याला आलेल्या मंडळींनी यथास्थित कौतुक केले. आणि दोन दिवसांनी पात्र उचलून पाहते तो मेजाच्या पॉलिशवर त्याच्या बैठकीचा पांढरा ठसा उमटलेला. वरून निर्दोष दिसणाऱ्या झिलईला वयोमानाने केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या होत्या, त्यांतून पाणी आतल्या सच्छिद्र मातीत मुरत होते, आणि तळाच्या कड्याला झिलई मुळीच नसल्यामुळे तेथून ते निमूटपणे लाकडात उतरत होते. सुताराने पॉलिश पुन्हा चढविले खरे, परंतु त्याची मजुरी फुलांच्या किमतीहून कितीतरी अधिक झाली.

तेव्हा असे पात्र प्रथम काठोकाठ भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवावे. सकाळी कागद कोरडा असेल तरच त्यास सेवेत घ्यावे. पितळी तसराळे किंवा तांब्याची परात असेल तर खबरदारी निराळी. फूलवाल्याकडून जी फुले टिकविण्याची पूड मिळते, तिच्यात साखरेबरोबर आम्लही असते, आणि आम्ल व उघडे तांबे-पितळ यांचे सख्य नाही: धातू झिजतो, पाणी बिघडते. या दोन्ही प्रकरणांवर उपाय एकच, आणि तो अगदी स्वस्त आहे. पात्राच्या आत बसेल असा काचेचा अथवा प्लास्टिकचा पसरट डबा ठेवावा, पाणी त्यात घालावे, आणि बाहेरच्या पात्राकडे केवळ शोभेचे काम राहू द्यावे.

स्वयंपाकघरातील भांड्यांना हा मान मिळवून देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी कॉन्स्टन्स स्प्राय या इंग्रज बाईंकडे जाते. 1929 साली लंडनमध्ये फुलांचे दुकान काढणाऱ्या या बाईंनी सूपपात्रे, रश्श्याच्या चोचदार वाट्या, केकचे साचे, जे हाती येईल त्यात फुले मांडली, आणि देठ उभे राहावेत म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याची तारजाळी चुरगळून आत बसविली. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जपानात ओहारा उन्शिन यांनी उथळ तबकातील ‘मोरिबाना’ पद्धत रूढ केली होती. तिच्यात देठ खिळ्यांच्या जड बैठकीवर रोवतात. माझी शिफारस जाळीची किंवा या खिळ्यांच्या बैठकीची. फूलवाले हिरव्या फोमची वीट देऊ करतील. तो 1954 साली अमेरिकेत निघाला. वापरण्यास अतिशय सोयीचा, परंतु कुजून मातीत मिळत नाही आणि त्याचा भुगा पाण्याबरोबर गटारात जातो, म्हणून इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनेही 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत त्यास मज्जाव केला आहे.

विलायती पुस्तकांतील मुदती मात्र आपल्याकडे लागू होत नाहीत. त्यांचा शरद थंड असतो, आणि आपला आश्विन म्हणजे ऑक्टोबरचे ऊन. उथळ पात्रात मुळात पाणी थोडे, त्यात डोक्यावर पंखा. सकाळी भरलेले दुसऱ्या दिवशी देठांच्या खाली गेलेले असते. पाणी रोज बदलावे, देठ तिरपे छाटावेत, आणि पाण्यात बुडणारे शेवंतीचे प्रत्येक पान आधी खुडून टाकावे, कारण दुर्गंधीचा उगम तेथेच होतो. दादरच्या बाजारात झेंडू बहुधा बिनदेठाचा, किलोवर मिळतो, ही उथळ पात्राच्या दृष्टीने अडचण नसून सोयच आहे. तो एका थरात पाण्यावर तरंगू द्यावा, ढीग केल्यास खालचा थर सडतो.

जेवणाच्या मेजाचे नियम दिवाणखान्याहून कडक. रचना फूटभराहून उंच नसावी, नाहीतर समोरचा माणूस फुलांआड जातो आणि संभाषण मानेला त्रासदायक होते. निशिगंध कितीही प्रिय असला तरी वरणभाताच्या वासाशी त्याचे जमत नाही. कण्हेर पूजेत चालते म्हणून मेजावर आणू नये. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि तीच गोष्ट सुंदर दिसणाऱ्या कळलावीची. शिवाय बाजारच्या फुलांवर कीटकनाशक फवारलेले असते, म्हणून एकदा या कामी लागलेले पात्र पुन्हा अन्नासाठी काढू नये, घरातील वडीलधाऱ्यांनी कितीही हळहळ व्यक्त केली तरी.

राहता राहिली फळे. पाश्चात्त्य शरदरचनेत फुलांबरोबर फळे मांडण्याचा दस्तूर आहे, आणि आपल्याकडे त्या सुमारास सीताफळाचा हंगाम असल्याने मोह होतोच. पिकत आलेल्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि शेजारचे कार्नेशन त्याने पाकळ्या मिटून घेऊन अकाली म्लान होते. सीताफळे वेगळ्या टोपलीत ठेवावीत. ती तशीही फार वेळ उरत नाहीत.