पाचटाचा धूर आणि कोळशाचे रसायन



तोडणी उरकली की फडाला काडी लावायची, ही आपल्याकडची जुनी खोड. त्या धुरात काय घडते ते समजायला आधी दगडी कोळशाकडे जावे लागते.

कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षे गाडलेल्या वनस्पती. हवा न देता तो सुमारे ४०० अंश सेंटिग्रेडवर तापवला की त्यातले कमजोर बंध तुटतात. बंध म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची जोडी. तुटताना प्रत्येक तुकडा एकेक इलेक्ट्रॉन घेऊन निघतो. असा तुकडा म्हणजे मुक्त मूलक, फ्री रॅडिकल. जोडी सुटून उधळलेल्या बैलासारखाच तो! शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतो, की तिथे दुसरा मूलक तयार.

बायबेंझिल या साध्या पदार्थावर हे नीट दिसते. मधला बंध तुटून दोन सारखे मूलक होतात. सोबत टेट्रालिनसारखा हायड्रोजन देणारा असला तर दोघांचे टोल्युइन होऊन ते शांत होतात. हायड्रोजन कमी पडला तर मूलक एकमेकांना चिकटत जातात, मोठे रेणू बनतात, शेवटी कोक. कोळशाचे तेल करताना जर्मनीच्या बर्गियुस यांनी दाबाखाली हायड्रोजन दिला तो याचसाठी उपयोगी पडला. १९३१ साली त्यांना नोबेल मिळाले.

आता पाचट. यातले लिग्निन हे कोळशाच्या पूर्वजांपैकीच. ढिगाच्या पोटात हवा अपुरी, म्हणून तिथेही मूलक सुटतात, कड्यांना कड्या जुळून काजळी होते. त्यात बेंझोपायरीनही असते. हेच द्रव्य १९३३ साली कोळशाच्या डांबरातून वेगळे काढले गेले, आणि ते कर्करोग करते. धूर आधी आपल्याच वस्तीवर जातो, पोरंबाळं तोच श्वासात घेतात.

राखेत पालाश राहतो असे कोणी म्हणेल. राहतो, खरे आहे, पण वाऱ्याने तीही उडते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे ४०-५० किलो नत्र, त्यातले बहुतेक हवेत. वर सेंद्रिय कर्ब गेला तो वेगळाच.

तेव्हा खोडव्यात पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून लगेच पाणी द्या. कोरडे पाचट ठेवून पाणी लांबवले तर ते कुजत नाही, मग लोक आम्हालाच बोल लावतात.