मुलांची ने-आण : धंदाही, अमानतही

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या दारात जीप, टेम्पो किंवा रिक्षा उभी आहे. साताऱ्यातील माण, खटाव आणि सांगलीतील जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांत गावे दूर दूर आहेत. तिथे शिकवणी, संगणक वर्ग, खेळाचे शिबिर यांत जागा असूनही मूल पोहोचत नाही. मुलगी असेल तर ‘संध्याकाळी परतणार कशी?’ या एका प्रश्नावरच तिचे नाव कमी होते.

हा प्रश्न जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मूल रोज येऊ शकत नाही, तर ते शाळेजवळ राहावे, हे त्यांचे उत्तर होते. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने आणखी दोन उत्तरे दिली. शाळा लांब असलेल्या मुलींना सायकली दिल्या, आणि बसमध्येच वर्ग थाटून प्रशिक्षण गावोगावी नेले. आता चौथे उत्तर म्हणजे भरवशाची गाडी. ते आपल्या हातात आहे.

सुरुवात एस.टी.पासून करावी. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, इतर विद्यार्थ्यांना सवलतीचा पास असतो, आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे आहे. जिथे एस.टी. जाते तिथे आपली गाडी घालू नये. फाट्यापासून वस्तीपर्यंतचा टप्पा आणि शेवटची एस.टी. गेल्यानंतरची वेळ, एवढेच आपले काम.

आता हिशेब पाहू. समजा, 12 मुले आणि एक मदतनीस बाई बसतील अशी गाडी आहे आणि रोजची फेरी 40 किलोमीटरची आहे. डिझेलचे 360 रुपये, मदतनीस बाईंचे 200, चालकाचा पगार 600, टायर, दुरुस्ती, विमा व कर यांचे 300 धरू. दुपारी गाडी दुसरे भाडे करते, म्हणून शेवटच्या दोन रकमांचा निम्मा भाग, म्हणजे 450 रुपयेच या कामावर टाकावा. एकूण खर्च 1,010 रुपये. पालकांनी मुलामागे रोज 30 रुपये दिले तर 360 जमतात, त्यात डिझेल निघते. उरलेले 650 रुपये, म्हणजे 24 दिवसांचे 15,600, संस्थेने किंवा जमातीने उचलावेत. यात मालकाचा नफा धरलेला नाही. तो वेगळा आणि उघड लिहावा. हलाल नफ्यात संकोच कसला? संकोच असावा तो लपवलेल्या रकमेचा. या कामाला जकातीचा पैसा लावायचा असेल तर आधी उलेमांना विचारावे.

कागदपत्रांत सवलत नाही. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडे घेऊन मुले नेणे परमिटच्या नियमाविरुद्ध आहे. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. ‘भाडे नव्हे, देणगी’ असे पावतीवर लिहून हा धोका टळत नाही. शाळेच्या मुलांसाठी राज्याचे 2011 चे स्कूल बस नियम आहेत. त्यांत पिवळा रंग, वेगमर्यादा, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मुलींसोबत महिला मदतनीस आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती यांची तरतूद आहे. काम घेण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात समक्ष चौकशी करावी.

संस्थेशी करार लेखी करावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

1. चालक व मदतनीस यांची पोलीस पडताळणी.
2. आसनांइतकीच मुले, दाटीवाटी नाही.
3. चढताना-उतरताना नावांची नोंद. शेवटचे मूल उतरल्यावर गाडी मागपर्यंत पाहणे.
4. मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे, त्यांचे नाव. ती व्यक्ती नसेल तर मूल रस्त्यावर सोडायचे नाही.
5. गाडी बिघडल्यास बदली गाडी कोणाची, हे आधीच ठरलेले.
6. तक्रार ऐकणारी व्यक्ती गाडीमालकाच्या नात्यातली नसावी.

यात कारागिरांचाही फायदा आहे. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण हुन्नर पुढे न्यायला शिकाऊ हात हवेत, आणि गावाकडचा होतकरू मुलगा किंवा मुलगी कारखान्यापर्यंत पोहोचली तरच ते मिळतील.

मालाची पेटी फुटली तर भरपाई देता येते. मुलाच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून वाचक बंधूंनी आपल्या जमातीच्या पुढच्या बैठकीत आधी तीन याद्या कराव्यात : कोणती मुले, कोणता वर्ग, कोणती वेळ. गाडीचा विषय त्यानंतर काढावा.