मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर

बाबू, कळंब तालुक्यातल्या शाळेवर तुझी नेमणूक झाली, पेढे खाऊन झाले, आता चार गोष्टी कानात घालतो. तू समोर उभा असताना पोट्टे गप्प बसतात, याला शिस्त समजू नकोस. तो तुझा धाक. तू ऑफिसात माहिती भरायला गेलास आणि वर्ग आपला आपण चालला, तर ती पोट्ट्यांची शिस्त. ती भाषणं देऊन येत नाही. लहान लहान निर्णय त्यांनी घ्यायचे, त्याचे परिणामही त्यांनीच निस्तरायचे, तेव्हा कुठं ती अंगी लागते. उन्हामुळे आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या आठवड्यात धडा पुढं ढकलायची घाई न करता याच कामाला लाग.

नियम चारच ठेव. भिंतीवर सुविचार भरपूर टांगलेले असतात, ते कुणी वाचत नाही. वर्गालाच विचार, ‘आपल्याले कशाचा त्रास होते?’ जे निघेल त्यातून चार नियम पोट्ट्यांनाच निवडू दे. प्रत्येक नियमापुढं ‘कायले?’ हा प्रश्न टाक. टाकीवर ढकलाढकली करायची नाही. कायले? तर लहान पोट्टे पडतात. ज्या नियमाचं कारण वर्गाला सांगता येत नाही तो फळ्यावरून पुसून टाक, मग तो तुझा आवडता का असेना.

नावं लिहिणारा मॉनिटर नेमू नकोस. त्यातून चुगल्या वाढतात आणि मॉनिटरच्या दोस्तांची नावं फळ्यावर कधीच येत नाहीत. त्यापेक्षा कामं वाटून दे: पाण्याची टाकी, झाडं, खेळाचं सामान, पोषण आहाराचं वाढप. दर आठवड्याला पाळी बदल. वाढपाकडे नीट लक्ष ठेव, कारण तिथं माणूस कळतो. पहिल्या दिवशी वाढणारा दोस्तांच्या ताटात पळी भरभरून उसळ टाकेल आणि शेवटच्या रांगेला नुसता भात उरेल. त्या लेकरांची सोय तू कर, उपाशी कोणी राहता कामा नये. पण वाढणाऱ्यावर ओरडू नकोस. जेवणं आटोपल्यावर त्याला शेजारी बसवून एवढंच विचार, ‘ताटं किती होती? पहिल्या ताटात किती पळ्या गेल्या?’ दुसऱ्या दिवशी तो आधी डोकी मोजेल, मग पळी बुडवेल. या मोजण्यात जे शिक्षण आहे ते मूल्यशिक्षणाच्या तासाला मिळत नाही.

खर्चाचा विचार आधी कागदावर. माघात आपल्या कळंबच्या चिंतामणी गणपतीचा जन्मोत्सव येतो, दुकानं लागतात. आदल्या दिवशी वर्गाला सांग, समजा प्रत्येकाजवळ 50 रुपये आहेत, काय काय घ्याल ते लिहा. खरे पैसे कुणाला आणायला लावू नकोस, सगळ्या घरी ते नसतात. दुसऱ्या दिवशी दुकानांतून फिरताना नुसते भाव विचारायचे आणि यादी बदलली तर का बदलली ते लिहायचं. वर्गाला मंदिरातही न्यायचं असेल तर आणखी एक काम दे. चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. रांग कशी लावायची, लहानग्यांना कुणी धरायचं, हे वर्गानं शाळेतच ठरवावं. तू मात्र पायऱ्यांपाशी उभा राहा. मुलांना मोकळीक द्यायची म्हणजे आपली जबाबदारी झटकायची नाही.

चूक झाली की तीन प्रश्न. काय झालं? नुकसान कोणाचं झालं? आता काय करशील? नळ उघडा राहून टाकी रिकामी झाली, तर अंगठे धरून उभं राहिल्यानं टाकी भरत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पोट्ट्याकडूनच येऊ दे आणि ते त्याच्याकडून करवून घे. खरं बोलला म्हणून त्याला दुप्पट बोलणी बसली, तर पुढच्या वेळी खोटंच ऐकायला मिळेल. छडी तर हातात घेऊच नकोस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे.

वेचणीच्या दिवसांत रागावू नकोस. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि वर्गातली पोरं घटतात. तो निर्णय लेकराचा नसतो, घरच्या अडचणीचा असतो. बापाशी तू बोल. परत आलेल्या पोराला मात्र विचार, ‘बुडालेला अभ्यास कसा भरून काढशील?’ त्याचं वेळापत्रक त्यालाच करू दे. दोन दिवसांत मोडलं तर फाडू नकोस, छोटं करायला सांग. मोबाइललाही हेच लागू आहे: किती वेळ पाहायचा ते त्यानं लिहावं, रात्री किती पाहिला तेही त्यानंच लिहावं.

आधी आपण. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. तिथल्या मुलांचा पसारा ते स्वतः आवरत. मुलांना लाज वाटायची ती त्यामुळं. तू घंटेआधी ये. फळ्यावरची तुझी चूक पोट्ट्यानं दाखवली तर शाबासकी देऊन ती पूस.

यातलं माझं असं काही नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, पुढं झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. हातानं काम करता करता शिकायचं, ही तिची रीत. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेती करतात, सफाई करतात, स्वयंपाक करतात. कळंब-वर्धा रेल्वे 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाली आहे. एखाद्या सुट्टीत वर्धा गाठ, सेवाग्राम पाहून ये.

आणि एक ध्यानात ठेव, दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही तर पोट्ट्यांना नावं ठेवू नकोस. त्यांच्यावर खरंखुरं काम किती सोपवलंस, ते आधी मोज.